एकाच रांगेतल्या खुणा

मुबीनाचे रिपोर्ट चांगले आले आणि त्या दिवसापासून तिला जास्त त्रास व्हायला लागला.

ती छत्तीस वर्षांची होती. देऊळघाटला राहायची आणि तिथून चार किलोमीटरवरच्या खेड्यातल्या जिल्हा परिषदेच्या शाळेत तिसरीचा वर्ग घ्यायची. चार वर्षांपूर्वी तिच्या दोन्ही हातांची बोटं सुजली, मग मनगटं, मग पायाचे तळवे. बुलढाण्यात एका खाजगी दवाखान्यात दर महिन्याच्या दुसऱ्या रविवारी संभाजीनगरहून सांधेतज्ज्ञ डॉक्टर मॅडम यायच्या. त्यांनी तिला आमवात सांगितला. म्हातारपणी गुडघे झिजतात तो नव्हे, शरीर आपल्याच सांध्यांवर उठतं तो. औषधं सुरू झाली, दोन वर्षांनी सूज उतरली, आणि यंदा दिवाळीनंतरच्या तपासणीत मॅडम म्हणाल्या, "छान. आजार आता ताब्यात आहे."

घरी सगळे खूश झाले. मुबीनाचा नवरा अकरम जिलेबी घेऊन आला. सासूबाई खुर्शीदा यांनी शेजारी-पाजारी सांगून टाकलं की सून बरी झाली.

बरी झालेल्या माणसाला दुखतं असं म्हणता येत नाही. सकाळी तासभर बोटं उघडायची नाहीत, ते ती कोणाला सांगेना. आणि दुसरंच काहीतरी सुरू झालं होतं, त्याला तर तिच्याकडे शब्दही नव्हता. वर्गात मुलं पाढे म्हणत असायची आणि तिची छाती एकदम धडधडायला लागायची. ती उठून व्हरांड्यात जायची, परत यायची, पुन्हा जायची. घरून निघताना गॅस बंद आहे का ते तीन वेळा पाहायची, फाटकापर्यंत जाऊन चौथ्यांदा परत फिरायची. टेबलाखाली मूठ मिटायची आणि उघडायची. आज मिटते, उद्या मिटेल का? खडू धरता आला नाही तर नोकरीचं काय? आसमा फक्त नऊ वर्षांची आहे. एक विचार संपायच्या आधी दुसरा येऊन उभा राहायचा.

एका सकाळी आसमाची वेणी घालताना मुबीनाच्या बोटांतून केस पुन्हा पुन्हा सुटत होते. आसमा जरा हलली, आणि मुबीनानं कंगवा भिंतीवर फेकला. कंगव्याचे दोन दात तुटले. पोरगी रडली नाही. "अम्मी, मी घालते माझी माझी," एवढंच म्हणाली, आणि दुसऱ्या दिवसापासून तिनं वेणीसाठी आईजवळ येणं बंद केलं. मुबीनाला वाटलं, कंगवा आपल्याला कोणी फेकून मारला असता तरी बरं झालं असतं.

जानेवारीतल्या दुसऱ्या रविवारी ती एकटीच बुलढाण्याला गेली. अकरमचं देऊळघाटला मोटार रिवाइंडिंगचं दुकान होतं. विहिरीवरच्या जळालेल्या मोटारी दुरुस्त करायचा, आणि हंगामात त्याला रविवारीही सुट्टी नसायची. दवाखान्याच्या गॅलरीत बाकडी भरली होती. तिचा नंबर एकतिसावा. या वेळी सिस्टरनं सगळ्यांना एकेक कागद दिला.

"मॅडमनी सांगितलंय, आत जायच्या आधी भरून द्या. खरं खरं लिहा."

कागदावर नऊ प्रश्न होते. गेल्या दोन आठवड्यांत मन उदास होतं का, झोप लागते का, स्वतःचा राग येतो का, असे. प्रत्येकासमोर चार चौकटी: कधीच नाही, काही दिवस, बरेच दिवस, जवळजवळ रोज. मुबीनानं वर पाहिलं. समोरच्या बाकावर तिच्या शाळेच्या केंद्रातल्या एका शिक्षकाची बायको बसली होती. मुबीनानं पेन काढलं आणि पहिल्या रांगेत वरपासून खालपर्यंत नऊ खुणा करून टाकल्या. अर्धं मिनिटही लागलं नाही.

"बाई, माहा भरून देता का?"

शेजारी साठीच्या पुढची एक बाई बसली होती. हिरवं लुगडं, कपाळावर मोठं गोंदण. दोन्ही हातांची बोटं मुळापासून करंगळीकडे कललेली, वाऱ्यानं पिकं एका अंगाला झुकावीत तशी. तिच्या मांडीवर कागद नुसता ठेवलेला होता.

"मले वाचता येत नाही आन् धरताही येत नाही," ती म्हणाली. "शेखर, माहा पोरगा, गाडी लावाले गेला. तो यायच्या आत भरून टाका."

तिचं नाव सत्यभामाबाई. देऊळघाटाच्या पलीकडच्या वाडीत तिची तीन एकरांची भाजीची शेती होती. मुबीनानं तिचा कागद घेतला आणि आवाज लहान करून पहिला प्रश्न वाचला. "कशातच मन लागत नाही, असं किती दिवस झालं?"

"मन कशात लागन व माय? मेथीच्या जुड्या बांधणं हे माहं काम. तीस वर्षं बांधल्या. आता बोटात दोरा थांबत नाही. वावरात जाते, बांधावर बसते, उठते, पुन्हा घरी येते. घरी बसवत नाही म्हणून पुन्हा वावरात. रोजचं लिही."

मुबीनानं चौथ्या चौकटीत खूण केली. दुसरा झोपेचा. ती म्हणाली, पाठ टेकली की कोणीतरी हाक मारल्यासारखं होते. तिसरा, चौथा. सत्यभामाबाई कुठे थोडी थांबायची, विचार करायची, "हे नाही बा इतकं," म्हणायची, आणि मुबीना त्याप्रमाणे अलीकडच्या चौकटीत यायची.

"घरच्यांवर आपण ओझं झालो असं वाटतं का?"

"सून मले भाकर कुस्करून देते," ती म्हणाली. "प्रतीक्षा नाव तिचं. मले तुकडा मोडता येत नाही, तं ते न सांगता मोडून ताटात ठेवते. लहान्या लेकरासारखी. चांगलीच पोरगी हाये, माय. वाईट असती तं मी भांडली असती, अन् भाकर खाल्ली असती. चांगली हाये म्हणून घास उतरत नाही."

मुबीनाचं पेन कागदावर टेकलेलंच राहिलं. तिथं शाईचा ठिपका झाला.

नववा प्रश्न तिनं आधी मनात वाचला. मग अगदी हळू म्हणाली, "मावशी, आता जगूच नये, असा विचार येतो का, असं विचारलंय."

"हे सगळ्याइले विचारतात?"

"हो. सगळ्यांना हाच कागद आहे."

सत्यभामाबाईनं गॅलरीतल्या माणसांवरून नजर फिरवली. "म्हंजे सगळ्याइच्या मनात येत असन," ती म्हणाली. तिला जरा बरंच वाटल्यासारखं दिसलं. "मोटार चालू कराले विहिरीवर जाते मी. मोटार चालू होते, पण मी तिथंच उभी राह्यते. पाह्यत. लय वेळ. आठवड्यातून तीन-चारदा होते असं." मग ती एकदम सावध झाली. "पण ते लिहू नको. शेखर वाचन."

"मावशी, हे लिहायलाच पाहिजे. हेच तर डॉक्टरांना कळायला पाहिजे."

"असं म्हंतेस? मंग तुहा कागद दाखव. तू काय लिहिलं?"

मुबीनाला नाही म्हणता आलं नाही. सत्यभामाबाईनं दोन्ही कागद मांडीवर शेजारी शेजारी ठेवले आणि वाकून पाहिले.

"मले वाचता येत नाही," ती म्हणाली, "पण डोये हायेत. माह्या खुणा पाहा, इकडं-तिकडं पांगल्या. तुह्या सगळ्या एकाच रांगेत. तुले कायीच होत नाही?"

"नाही होत, मावशी. माझे रिपोर्ट चांगले आहेत."

"मंग मघापासून तुहा पाय काऊन हालून राह्यला?"

मुबीनानं खाली पाहिलं. तिचा उजवा पाय चपलेसकट टकटक हलत होता. तिनं तो थांबवला. जरा वेळानं डावा हलायला लागला. तिला हसू आलं आणि त्याच क्षणी डोळे भरले. शिक्षकाची बायको समोरून बघत होती. बघू दे, असं काही तिला वाटलं नाही. तिला भीतीच वाटली. पण ती उठली, सिस्टरकडे गेली आणि म्हणाली, "माझा कागद चुकला. दुसरा द्या."

सत्यभामाबाई म्हणाली, "लिही मंग. दोघीचंही खरं लिही."

आत मॅडमनी मुबीनाचा कागद वाचला आणि रिपोर्टची फाइल बाजूला सारली. "हे कधीपासून?"

"दिवाळीपासून. त्याच्या आधीही असेल."

"सांगितलं का नाही?"

"तुम्ही छान म्हणालात. घरी जिलेबी आली. मग कसं सांगायचं?"

"चूक माझी आहे," त्या म्हणाल्या. "मी सांधे मोजत होते. या आजारात मनाचं हे असं होणं फार दिसतं, मुबीना. दुखणं झोप खातं, झोप नसली की दुखणं वाढतं, आणि उद्या काय होईल ही भीती तर कायमचीच. तुमच्यात काही कमी आहे म्हणून हे झालेलं नाही. आमवाताला औषध आहे तसं यालाही आहे." त्यांनी बुलढाण्यातच दर बुधवारी बसणाऱ्या मानसोपचारतज्ज्ञाच्या नावानं चिठ्ठी लिहून दिली.

मुबीनानंतर सत्यभामाबाई गेली, आणि मुबीना तिच्यासाठी बाहेर बाकावर थांबली. पाच मिनिटांनी सिस्टरनं तिच्या मुलाला आत बोलावलं. शेखर बराच वेळ आत होता. बाहेर आला तेव्हा त्याचा चेहरा पार उतरला होता. तो सरळ मुबीनाजवळ आला.

"मॅडम, तो कागद तुम्ही लिहिला?"

"त्यांनी सांगितलं तसं लिहिलं."

"माह्या मायले कायी झालं नाही. तिचे हात दुखतात. तुम्ही तिले भलतंसलतं काऊन विचारलं? विहीर-बिहीर तिच्या तोंडात कोणं घातली?" त्याचा आवाज चढला, मग मध्येच फाटला. "मी रोज तिच्या सोबत असतो. मले नसतं का समजलं?"

गॅलरीतले सगळे बघत होते. त्यानं आईचा दंड धरला आणि तिला जिन्याकडे नेलं. सत्यभामाबाईनं एकदा मागे वळून पाहिलं. तिच्या चेहऱ्यावर राग होता की आणखी काही, ते मुबीनाला कळलं नाही.

त्या संध्याकाळी ती दुकानात गेली. अकरम तांब्याची तार गुंडाळत होता. तिनं उभ्या उभ्याच सगळं सांगितलं. छातीतली धडधड, गॅस, कंगवा, कागद.

"पण रिपोर्ट तर चांगले आलेत," अकरम म्हणाला.

"चांगले आलेत म्हणूनच तोंड बंद झालं माझं."

त्याला ते उमगलं नाही. चेहऱ्यावर स्पष्ट दिसत होतं. "तुला कशाची कमी आहे?" असंही तो म्हणून गेला, आणि मुबीना दुकानातून निघून आली. पण बुधवारी सकाळी त्यानं दुकान उघडलं नाही. गाडी काढली आणि म्हणाला, "चल. चिठ्ठी घेतली का?"

मानसोपचाराच्या डॉक्टरांनी एक गोळी दिली आणि दर पंधरा दिवसांनी समुपदेशक ताईंकडे यायला सांगितलं. पहिले दहा दिवस वाईट गेले. तोंडाला कोरड, डोकं जड, आणि धडधड होती तशीच. मुबीना रोज गोळी बंद करायचं ठरवायची. तिसऱ्या आठवड्यात एक दिवस तिच्या लक्षात आलं, आज पाढे संपेपर्यंत आपण खुर्चीवर बसून होतो. तिनं ते कोणाला सांगितलं नाही, म्हटलं तर जाईल.

फेब्रुवारीतला दुसरा रविवार आला. मुबीना नऊलाच दवाखान्यात जाऊन बसली. दहा वाजले, अकरा वाजले. जिन्यावर पाऊल वाजलं की ती मान वळवायची. सिस्टरला तिनं तीनदा विचारलं. "नाव लावलेलंच नाही हो त्यांनी," सिस्टर म्हणाली. मग मात्र मुबीनाचं डोकं पुन्हा पळायला लागलं. आपण लिहिलं. आपण लिहून मोकळ्या झालो. नंतर त्या घरात काय झालं असेल? फोन नंबर घेतला नाही, वाडीतलं घर कुठलं तेही विचारलं नाही. विहीर तिच्या डोळ्यांसमोरून हलेना. तपासणी झाली, मॅडम काहीतरी म्हणाल्या, तिला काहीच ऐकू आलं नाही.

घरी आल्या आल्या तिनं अकरमला सांगितलं. तो म्हणाला, "वाडीचा शेखर? हिरव्या गाडीवाला? मागच्या आठवड्यात माझ्याकडून ऑटो-स्टार्टर घेऊन गेला. लाइट आली की मोटार आपोआप चालू व्हायला पाहिजे, म्हणत होता. आईला विहिरीवर पाठवायचं नाही म्हणे."

मुबीना खाली बसली. म्हणजे मागच्या आठवड्यापर्यंत तरी ती होती.

शनिवारी सकाळची शाळा सुटल्यावर ती काळीपिवळी जीपमध्ये बसून वाडीला गेली. घर सापडायला वेळ लागला नाही. दारात प्रतीक्षा, सत्यभामाबाईची सून, तांदूळ निवडत होती. मुबीनानं नाव सांगितल्यावर ती उठून उभी राहिली.

"तुम्हीच का त्या कागदवाल्या मॅडम? या. आई मागं हायेत. चिडलेल्या हायेत, आधीच सांगते."

सत्यभामाबाई परसात बाजेवर बसली होती. मुबीनाला पाहून तिनं तोंड फिरवलं.

"आली का? पाहून घे. डांबून ठेवलं मले तुह्या कागदानं. वावरात जायाचं नाही, विहिरीवर जायाचं नाही. संडासले गेली तरी शेखर दाराशी उभा. हातापायाचं दुखणं होतं तवा निदान पाय तं माहे होते!"

"दवाखान्यात का नाही आलात?"

"तो नेत नाही. चार लोक काय म्हंतीन, म्हंते. मॅडमनं लिहून देलेली गोयी आणली होती एकदा. आठ दिवस घेतली, झोपच झोप यायची, मंग मी थुंकून देली."

"मावशी, मी लिहायला नको होतं का?" मुबीनानं विचारलं. महिनाभर ती हेच स्वतःला विचारत होती.

सत्यभामाबाई कललेल्या बोटांनी गोधडीची कड ओढत राहिली. "ते मले नाही सांगता येत," ती शेवटी म्हणाली. "पण त्या दिवशी तुह्याजवळ बोलली, अन् दोन दिवस घास उतरला. ते खोटं कसं म्हणू?"

शेखर वावरातून आला तेव्हा दोघी तशाच बसल्या होत्या. मुबीनाला वाटलं, आता हा ओरडेल. तो ओरडला नाही. दाराच्या चौकटीला टेकून उभा राहिला. त्याचे डोळे लाल होते.

"मॅडम, तुमच्यावर आवाज चढवला मी त्या दिवशी," तो म्हणाला. "खरं सांगू का? त्या दिवसापासून मलेच झोप नाही. वावरात असलो का वाटते, माय कुठी हाये? घरी आलो का तिच्यामागं फिरतो. तिलेही त्रास, मलेही त्रास. काय करू ते समजून नाही राह्यलं."

"तुम्ही काळजी घेताय ते बरोबरच आहे," मुबीना म्हणाली. "विहिरीचं केलंत ते चांगलंच केलंत. पण नुसतं पहाऱ्यानं त्यांना बरं वाटणार नाही. गोळीनं झोप येते हे डॉक्टरांना सांगायला पाहिजे, ते बदलून देतात. मलाही पहिले दहा दिवस तसंच झालं होतं."

शेखरनं मान वर केली. "तुम्हीही घेता?"

"हो. शाळेत शिकवते आणि घेते."

प्रतीक्षा दारात येऊन उभी राहिली होती. "मी नेते त्याइले बुधवारी," ती नवऱ्याला म्हणाली. "लोक मले विचारतीन तं मी पाहून घेईन."

"मी बाजेवर बसली हाये, मेली नाही," सत्यभामाबाई कडाडली. "मले विचारा ना कोणी! जाईन मी. पण वावरात जाऊ देत असान तं जाईन. प्रतीक्षा सोबत असली तरी चालन. बांधावर बसू द्या नुसतं."

शेखरनं बायकोकडे पाहिलं, मग आईकडे. "बांधावर," तो म्हणाला. "विहिरीकडं नाही."

"हाव ना बापा, नाही जात."

त्या बुधवारी सासू-सुना गेल्या, आणि शेखरही मागून आला. गोळी बदलली. समुपदेशक ताईंनी शेखरलाही आत बसवून घेतलं आणि पाऊण तास बोलल्या. पुढच्या खेपेला तो स्वतःच आईला घेऊन आला. सगळं सुरळीत झालं असं नव्हे. मार्चमध्ये सत्यभामाबाईनं पुन्हा चार दिवस जेवण सोडलं होतं. मुबीनाला एकदा वर्गातच धाप लागली आणि मुख्याध्यापकांना तिला घरी पोचवावं लागलं. दुसऱ्या दिवशी तिनं त्यांना आजार सांगून टाकला. ते गडबडले, "ताण घेऊ नका" म्हणाले, आणि फळ्यावर कमी लिहावं लागावं म्हणून त्यांनी तिच्या वर्गाला छापील तक्ते दिले. त्याचा खरंच उपयोग झाला.

आणि रोज सकाळी सहाला मुबीनाच्या फोनवर प्रतीक्षाच्या नंबरावरून फोन यायला लागला. त्या वेळी दोघी आपापल्या घरी बोटं उघडायची वाट बघत बसलेल्या असायच्या. गरम पाण्याच्या भांड्यात हात घालून, फोन स्पीकरवर ठेवून.

"उठली का?"

"उठले, मावशी."

"कितीक उघडली?"

"उजव्याची तीन. तुमची?"

"माह्या अंगठ्यानं आज संप केला. धडधड?"

"आहे थोडी."

"माह्या मनात काल वाईट आलतं," सत्यभामाबाई म्हणाली. "शेखरले सांगितलं मी. तो भेला. पण मी म्हटलं, सांगून राह्यली ना तुले, आता बस माह्याजवळ. तं बसला. मंग आम्ही दोघानं मिळून चार जुड्या बांधल्या. तो दोरा धरे अन् मी पाला."

"कशा झाल्या?"

"फार खराब. बाजारात कोणी हात नाही लावणार."

पाण्याचा आवाज आला. तिनं हात बाहेर काढले असावेत.

"थांब," ती म्हणाली, "प्रतीक्षा भाकर टाकून राह्यली, तिले आवाज देते, मले तुकडे मोडून दे म्हणून. तू ठेवू नको फोन."

मुबीना फोन न ठेवता बसून राहिली.